हिरवे चिन्ह पुरेसे नाही : पाकिटबंद ब्रेड आणि सस्तनप्राणिज असात्म्य

सस्तन प्राण्यांच्या पदार्थांचे असात्म्य असलेल्या रुग्णास ‘मांस वर्ज्य करा’ एवढे सांगून वैद्याचे कर्तव्य संपत नाही. निदानपरिवर्जन करावयाचे तर दूध, लोणी, जिलेटिन व प्राणिज चरबी यांचाही शोध घ्यावा लागतो. हिवरखेडसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावीही पाकिटबंद ब्रेड व टोस्ट किराणा दुकानात मिळतात आणि रुग्ण ते हलका आहार समजून घेतो. म्हणून हा विचार आपल्या दवाखान्याचाही आहे.

या असात्म्यातील एक प्रकार म्हणजे अल्फा-गॅल शर्करेची अ‍ॅलर्जी. ही शर्करा मनुष्य व त्याच्या निकटचे वानर वगळता बहुतेक सस्तन प्राण्यांत आढळते. काही जातींच्या गोचिडींच्या दंशानंतर शरीर तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये निर्माण करते. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाचे डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तिच्या विलंबित प्रतिक्रियेचे वर्णन केले. सेवनानंतर साधारण २ ते ६ तासांनी अंगावर गांधी, उदरशूल, वमन वा श्वासकष्ट उद्भवतात. रात्रीच्या जेवणाचा त्रास मध्यरात्री होत असल्याने मूळ कारण ध्यानी येत नाही. दुग्धप्रथिनांच्या अ‍ॅलर्जीत मात्र लक्षणे बहुधा लवकर दिसतात. अल्फा-गॅलच्या सर्वच रुग्णांना दूध बाधत नाही. म्हणून प्रत्येकाचे पथ्य स्वतंत्रपणे ठरवावे.

येथे हिरव्या चिन्हाची मर्यादा लक्षात घ्यावी. आपल्या नियमांनुसार दूध व दुग्धजन्य पदार्थ शाकाहारात मोडतात. त्यामुळे दूधपावडर घातलेल्या ब्रेडवरही हिरवा ठिपका असतो. लेबलिंग व प्रदर्शन विनियम, २०२० अन्वये दूध हा घोषित करावयाचा अ‍ॅलर्जीकारक घटक आहे. म्हणून घटकसूची व तिच्याजवळील अ‍ॅलर्जीविषयक ओळ दोन्ही वाचाव्यात. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, लॅक्टोज, बटर हे शब्द दुधाचेच होत. ‘सोडियम स्टिअरॉइल लॅक्टिलेट’ (४८१) या नावावरून मात्र दुधाचा समज करून घेऊ नये. परदेशातून आणलेल्या, हिरवे चिन्ह नसलेल्या ब्रेडमध्ये ४७१, ४७२-ई व ४८१ यांचे मूळ वनस्पतिज की प्राणिज, हे उत्पादकास विचारावे. सुट्या पावास लेबल नसते. तेथे दूध, लोणी वापरले काय, हे बेकरीवाल्यासच विचारावे.

हाच दंडक औषधालयासही लागू आहे. सिद्धघृते, च्यवनप्राशातील तूप, दुग्धानुपान, गोळ्यांतील लॅक्टोज आणि जिलेटिनच्या कॅप्सूल यांची नोंद विक्रेत्याजवळ असावी. गोदंती हे नाव गाईचे असले तरी द्रव्य खनिज आहे. उलट निव्वळ वनस्पतींचे चूर्णही जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरलेले असू शकते.

श्वासकष्ट, कंठशोथ वा मूर्च्छा दिसताच काढ्याची वाट न पाहता रुग्णास अ‍ॅड्रेनॅलिनची सोय असलेल्या रुग्णालयात त्वरित पाठवावे. पुढील खेपेस पृच्छेत गोचीडदंशाचा आणि आदल्या सहा तासांतील आहाराचा प्रश्न जरूर घालावा, आणि रुग्णास ब्रेडचे पाकीटच सोबत आणावयास सांगावे.