पाच हमीदार आणि एक कुटुंब
(कॅनडातील निर्वासित-स्वागताची पद्धत)

निर्वासित म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर छावणी, तंबू आणि शिध्याची रांग उभी राहते. हे चित्र महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला व त्यातूनच उल्हासनगर वसले. विदर्भात गोठणगावजवळ तिबेटी बांधवांची वसाहत आहे. या दोन्ही ठिकाणी निवाऱ्याची मुख्य व्यवस्था शासनाने केली. परंतु परक्या देशातून आलेल्या एका कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी गल्लीतल्या पाचदहा सामान्य माणसांनी कायदेशीर सही करून घ्यावी, ही पद्धत आपल्याकडे फारशी माहीत नाही. कॅनडात ती १९७९ पासून चालत आली आहे. संस्था चालविणाऱ्या सभासदांनी आणि समाजकार्याची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती समजून घेण्यासारखी आहे.

पार्श्वभूमी

१९७५ साली व्हिएतनामचे युद्ध संपले. व्हिएतनाम, लाओस व कंबोडिया या तिन्ही देशांत सत्तांतर झाले आणि लाखो लोक देशोधडीला लागले. त्यांत बौद्धांची संख्या मोठी होती. अनेकजण मोडक्यातोडक्या होड्यांतून समुद्रात निघाले. नोव्हेंबर १९७८ मध्ये 'हाय होंग' नावाचे जुने मालवाहू जहाज सुमारे २,५०० माणसांना घेऊन मलेशियाच्या किनाऱ्याजवळ पोहोचले. मलेशियाने त्यांना उतरू दिले नाही. ही बातमी जगभर गेली व कॅनडाने त्यांपैकी सुमारे ६०० जणांना घेतले. आणखी हजारो माणसे मात्र आग्नेय आशियातील छावण्यांत वाट पाहत होती.

कॅनडाचा १९७६ चा इमिग्रेशन कायदा एप्रिल १९७८ मध्ये अमलात आला होता. पाच किंवा अधिक सज्ञान नागरिकांना, अथवा एखाद्या संस्थेला, निर्वासित कुटुंबाची हमी घेता येईल अशी तरतूद त्यात होती. वारंवार हमी घेणाऱ्या मोठ्या संस्थेने शासनाशी एकच मुख्य करार करावा व तिच्या गावोगावच्या शाखांनी त्या कराराखाली काम करावे, अशीही सोय करण्यात आली. असा पहिला करार मार्च १९७९ मध्ये मेनोनाइट पंथाच्या मध्यवर्ती समितीने केला. या पंथाचे हजारो लोक १९२० च्या दशकात रशियातून जीव वाचवून कॅनडात आले होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

पत्र लिहायला जमले, हमीदार झाले

जून १९७९ मध्ये टोरांटो येथे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक हॉवर्ड अ‍ॅडलमन यांच्या घरी शेजारपाजारची मंडळी जमली. त्यांत चर्चचे लोक होते, ज्यू समाजाचे लोक होते. सरकारने अधिक निर्वासित घ्यावेत असे पत्र मंत्र्यांना लिहावे, एवढाच विचार होता. त्या सभेला इमिग्रेशन खात्याचे अधिकारी आले आणि त्यांनी सांगितले, की नुसते पत्र कशाला, कायद्याने तुम्ही स्वतःच हमी घेऊ शकता. त्यातून 'ऑपरेशन लाइफलाइन' ही चळवळ निघाली व थोड्याच आठवड्यांत तिच्या शाखा देशभर झाल्या. ओटावा शहराच्या महापौर मॅरियन ड्यूअर यांनी तर आपल्या एका शहरासाठी ४,००० निर्वासितांचे उद्दिष्ट जाहीर केले.

ज्यू समाजाच्या पुढाकारामागे एक जुनी जखम होती. १९३९ साली 'सेंट लुईस' या जहाजावरील नऊशेहून अधिक ज्यू निर्वासितांना क्यूबा, अमेरिका व कॅनडा या तिन्ही देशांनी आसरा नाकारला होता. तसे पुन्हा घडू नये, ही त्यांची भावना होती.

कामाची वाटणी

या पद्धतीचा गाभा कामाच्या वाटणीत आहे. शासनाकडे पुढील कामे होती : छावणीत जाऊन कुटुंबांची निवड करणे, वैद्यकीय तपासणी करणे, प्रवासाची व्यवस्था करणे व आल्यावर भाषेचे वर्ग चालविणे. प्रवासखर्च कर्जाऊ दिला जाई व तो निर्वासितांनी पुढे फेडायचा असे.

हमीदार गटाकडे उरलेले सारे असे : विमानतळावर उतरवून घेणे, घर शोधणे, भाडे, अन्न व थंडीचे कपडे पुरविणे, मुलांना शाळेत घालणे, डॉक्टर दाखविणे, बसचा मार्ग समजावणे, नोकरी शोधून देणे. मुदत एक वर्षाची, किंवा कुटुंब त्याआधी आपल्या पायावर उभे राहिले तर तोपर्यंतची. सहा महिन्यांनी उत्साह मावळला तरी सही मागे घेता येत नसे. म्हणून कोणी भाड्याचे पैसे जमवी, कोणी मोटार चालवी, तर कोणी शाळेत जाऊन शिक्षकांना भेटे.

दोन वाद

हे सर्व गोडीगुलाबीने झाले असे मात्र नाही.

पहिला वाद शासनाशी झाला. जुलै १९७९ मध्ये सरकारने १९८० अखेरपर्यंत ५०,००० निर्वासित घेण्याचे ठरविले व नागरिक जितक्यांची हमी घेतील तितकेच सरकारही आणील असे वचन दिले. नागरिकांचा प्रतिसाद अपेक्षेपेक्षा मोठा आला. तेव्हा डिसेंबरमध्ये सरकारने आपला हात आखडता घेतला व उरलेला भार नागरिकांवर सोडला. हमीदार गट संतापले. आम्ही सरकारच्या कामात भर घालतो आहोत, सरकारच्या जागी उभे राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर एप्रिल १९८० मध्ये नव्या सरकारने आपल्या खर्चाने आणखी १०,००० जण आणण्याचे मान्य केले. दोन वर्षांत मिळून सुमारे ६०,००० निर्वासित आले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक नागरिकांच्या हमीवर आलेले होते. १९८६ साली निर्वासित-सेवेचे 'नान्सेन पदक' कॅनडाच्या जनतेला देण्यात आले.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक होता. हमी घेणाऱ्यांत चर्च पुष्कळ आणि येणाऱ्यांत बौद्ध पुष्कळ. ज्याने घर दिले त्याच्या प्रार्थनेला जावेच लागेल, असे ओझे काही कुटुंबांना वाटले. कुठे हमीदारच घरातला लहानमोठा निर्णय घेऊ लागले. उपकाराच्या जाणिवेखाली दबलेला माणूस 'नाही' म्हणू शकत नाही. पुढे व्हिएतनामी, लाओ व कंबोडियन समाजाने स्वतःची मंडळे व विहारे उभारली, तेव्हा नवागताला आपल्या भाषेत सल्ला देणारे माणूस मिळाले. ज्यांची हमी कोणी घेतली होती, त्यांतले अनेकजण पुढे आपल्या नातलगांचे व इतरांचे हमीदार झाले.

भारताशी दुवा

या पद्धतीचा एक धागा आपल्या देशापर्यंत पोहोचतो. अरुणाचल प्रदेशात राहणाऱ्या सुमारे १,००० तिबेटी लोकांना घेण्याचे कॅनडाने डिसेंबर २०१० मध्ये जाहीर केले. २०१३ पासून ते तिकडे जाऊ लागले. त्यांची हमीही नागरिकांच्या गटांनीच घेतली व त्यात कॅनडातील तिबेटी समाज पुढे होता.

१९७९ पासून नागरिकांच्या हमीवर कॅनडात आलेल्यांची संख्या तीन लाखांहून अधिक झाली आहे. मात्र अर्जांचा ढीग इतका साचला, की नोव्हेंबर २०२४ मध्ये शासनाने पाच जणांच्या गटांचे व स्थानिक संस्थांचे नवे अर्ज घेणे तात्पुरते थांबविले. लोकांची तयारी असली तरी सरकारी दार उघडे राहणेही तितकेच आवश्यक आहे, हे यावरून दिसते.

आपल्यासाठी बोध

आपल्या वस्तीतही दुष्काळाने, धरणाने किंवा रोजगाराअभावी गाव सुटलेली कुटुंबे येतात. शिधापत्रिका, शाळेचा दाखला व भाड्याची खोली ही त्यांची पहिली अडचण असते. संस्थेने एकदा धान्य वाटले की फोटो निघतो, पण अडचण तशीच राहते. त्याऐवजी पाच सभासदांनी एका कुटुंबाची एक वर्षाची जबाबदारी घ्यावी, कामे नावानिशी वाटून घ्यावीत, शासनाने द्यावयाचे ते शासनाकडूनच मागून घ्यावे आणि त्या कुटुंबाच्या श्रद्धेत व घरगुती निर्णयांत ढवळाढवळ करू नये. विद्यार्थ्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे : अर्ज भरून देणे, मुलांचा अभ्यास घेणे, दवाखान्यात सोबत जाणे. वर्षअखेरीस त्या कुटुंबाला आपली गरज उरली नाही, तर आपले काम नीट झाले असे समजावे.