इम्युनिटी हवी, पण ब्रेकसकट!

गवती चहाचा काढा, आवळ्याचा ज्यूस, व्हिटॅमिनच्या गोळ्या... कोविडनंतर ‘इम्युनिटी वाढवा’ हा आपला जपमंत्रच झाला. पण बॉस, हीच इम्युनिटी आपल्याच अंगावर उलटली तर?

हा प्रश्न मला पडला तो सांगलीच्या आतेबहिणीमुळे. बँकेत नोकरी, स्वभावानं एकदम बिनधास्त. गेल्या वर्षी तिच्या बोटांवर आणि ओठाच्या कडेला दुधासारखे पांढरे डाग उमटले. आत्याचं पहिलं वाक्य, ‘‘बाहेर कुणाला बोलू नका, स्थळं बघतोय.’’ इकडे साताऱ्यात आमच्या घरी कुजबुज सुरू, ‘‘कुष्ठ तर नाही ना गं?’’ कोडाचं जुनं नावच ‘श्वेतकुष्ठ’! नावातला हा घोळ आजही मुलींची लग्नं मोडतो.

त्वचेच्या डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि डागांवर कापसाचं टोक हळूच टेकवलं. प्रत्येक वेळी तिनं अचूक जागा दाखवली. संवेदना शाबूत होती. बाकी तपासणीही झाली आणि निदान ठरलं, कोड.

ब्रेक फेल!

यवतेश्वरचा घाट उतरताना गाडीला इंजिनापेक्षा ब्रेकची गरज जास्त. आपल्या प्रतिकारशक्तीचंही तसंच. तिच्यातल्या टी पेशी जंतूंवर तुटून पडतात आणि त्यांना आवर घालतात नियामक टी पेशी, म्हणजेच ‘टी-रेग’. जपानच्या शिमॉन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशी दाखवून दिल्या. २००१ मध्ये अमेरिकेत मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी ‘फॉक्सपी३’ हे जनुक शोधलं, तेही खवलेदार, सोलवटलेल्या त्वचेच्या उंदरांमध्ये! या पेशी तयार व्हायला हेच जनुक लागतं, हे पुढे स्पष्ट झालं. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

कोडात टी पेशी त्वचेला रंग देणाऱ्या पेशींनाच मारतात. त्यांना रोखणारे टी-रेग त्वचेत कमी पडतात किंवा नीट काम करत नाहीत, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. सोरायसिसमध्येही हा ब्रेक ढिला पडतो. म्हणजे इथे इम्युनिटी कमी नसते, ती भलतीकडे धावत असते. काढा पिऊन ती वळणार नाही.

मिरजेतली दुसरी बाजू

सांगलीला लागूनच मिरज. डॉ. वॉन्लेस यांच्या मिशन हॉस्पिटलचं आणि रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयाचं गाव. कुष्ठरोगात गोष्ट नेमकी उलटी! ज्या प्रकारात शरीरात जंतू भरपूर असतात, त्यात टी-रेग जास्त आढळले आहेत. ब्रेक इतका दाबलेला, की जंतूंवर हल्लाच होत नाही. तिथला डाग सहसा फिकट किंवा लालसर असतो आणि बऱ्याचदा बधिर.

कोड स्पर्शानं पसरत नाही. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, पण औषधांनी पूर्ण बरा होतो. सरकारी दवाखान्यात ही औषधं फुकट मिळतात आणि ती सुरू केल्यावर संसर्गाचा धोका लवकरच संपतो. २०१९ च्या कायद्यानं तर कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारणही उरलेलं नाही.

मग करायचं काय?

- डाग दिसला की आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे. क्रीमचे प्रयोग नकोत.
- कोडावर मलमं आणि नॅरोबँड यूव्हीबी किरणांचे उपचार आहेत. माझी बहीण हेच उपचार घेतेय. रंग परतायला महिने लागतात, धीर हवा.
- रुक्सोलिटिनिबचं मलम अमेरिकेत २०२२ मध्ये कोडासाठी मंजूर झालं. ते हल्लेखोर पेशींना मिळणारे इशारे अडवतं. टी-रेग वाढवून उपचार करण्यावर संशोधन चालू आहे.
- एकटं वाटतंय? पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची ‘श्वेता असोसिएशन’ आहे. आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ (२००६) घरच्यांसोबत जरूर बघा. नायिका डोळ्यांची डॉक्टर, अंगावर कोड, आणि प्रश्न लग्नाचाच!

स्थळ बघायला येणाऱ्यांनी डाग मोजायचे की माणूस बघायचा, ते त्यांनी ठरवावं. आपण निदान कुजबुज तरी थांबवूया.