अगस्त्य तीर्थाकाठचे दोन दिवस

उत्तर कर्नाटकातल्या बदामीची रचना कळायची तर आधी तळ्याकडे पाहावे लागते. तांबड्या वालुकाश्माच्या दोन टेकड्या, एक दक्षिणेला आणि एक उत्तरेला, समोरासमोर उभ्या आहेत. पूर्वेला त्या डोंगराने जोडल्या गेल्या आहेत. पश्चिमेची बाजू तेवढी मोकळी होती. तिथे बांध घालून पाणी अडवले, आणि जे तळे झाले त्याचे नाव अगस्त्य तीर्थ. गाव बांधाच्या अलीकडे, पश्चिमेला वसले आहे. पावसाळ्यात डोंगरमाथ्यावरचे पाणी कड्यांवरून थेट तळ्यात उतरते. जोराचा पाऊस झाला की कड्यावरून दोन धारा शेजारी शेजारी कोसळतात. त्यांना ‘अक्का-तंगी’, म्हणजे मोठी आणि धाकटी बहीण, म्हणतात.

या तळ्यामुळेच इथे राजधानी झाली. कड्यांमुळे संरक्षण होते, खाली बारमाही पाणी होते आणि जवळच मलप्रभेचे सुपीक खोरे होते. चालुक्य राजा पहिला पुलकेशी याने इ. स. 543 मध्ये (शके 465) येथील डोंगरावर किल्ला बांधला. त्याची नोंद करणारा लेख उत्तरेकडच्या खडकावर कोरलेला आहे. पुढची सुमारे दोनशे वर्षे दख्खनचा मोठा भाग इथून चालवला गेला. त्या काळचे नाव वातापी. त्याचे बादावी आणि मग बदामी झाले. दगडाच्या बदामी रंगावरून गावाला नाव पडले, ही समजूत नंतरची.

वातापी हे नाव पुराणातले आहे. इल्वल आणि वातापी हे दोघे असुर भाऊ. वातापी मेंढ्याचे रूप घेई, इल्वल त्याचे मांस रांधून अतिथीला वाढी आणि जेवण उरकले की भावाला हाक मारी; वातापी अतिथीचे पोट फाडून बाहेर येई. अगस्त्य ऋषींनी मात्र तो पचवून टाकला. हाक आली तेव्हा बाहेर यायला कोणी उरलेच नव्हते. तळ्याला अगस्त्यांचे नाव का, ते या कथेतून कळते. गावात हे दोन भाऊ म्हणजे समोरासमोरच्या दोन टेकड्या, असेही सांगतात.

मराठी वाचकासाठी बदामी हे परक्या राज्यातले पर्यटनस्थळ एवढेच नाही. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात रविकीर्ती या कवीने ऐहोळे येथील मेगुटी देवळाच्या भिंतीवर संस्कृत प्रशस्ती कोरवली (शके 556, म्हणजे इ. स. 634-35). नव्व्याण्णव हजार गावांच्या ‘तीन महाराष्ट्रकां’चे स्वामित्व या राजाने मिळवले, असे तीत म्हटले आहे. उत्तरेच्या हर्षवर्धनाचा हर्ष त्याने हिरावून घेतला, हा श्लेषही त्याच लेखातला. चिनी प्रवासी ह्युएन त्संग याच राजाच्या काळात दख्खनेत आला आणि त्याने या देशाला महाराष्ट्र म्हटले. उपकार करणाऱ्याशी कृतज्ञ आणि अपमान करणाऱ्याशी कठोर, असे इथल्या लोकांचे वर्णन त्याने केले आहे. महाराष्ट्र या नावाच्या जुन्या उल्लेखांचा माग काढणाऱ्याला बदामीच्या या राजाला टाळून पुढे जाता येत नाही.

अनेक सहली बदामीला अर्धा दिवस देतात: सकाळी लेणी, तासाभरात खाली, मग गाडी पट्टदकलकडे. त्यात तळे केवळ छायाचित्रापुरते उरते. खरे तर पहिला संपूर्ण दिवस तळ्याभोवती फिरण्यातच घालवावा. अंतरे लहान आहेत, सगळे पायी होते, आणि प्रहराप्रमाणे कड्यांचा रंग पालटत जातो. पहाटे पाण्यावर धुके असते, बांधाच्या पायऱ्यांवर धुणे सुरू होते आणि धोपटण्याचा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत येतो.

सकाळी लवकर दक्षिण टेकडीची लेणी पाहावीत. ती चार आहेत, पायऱ्यांनी जोडलेली. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्याला पहिला फरक जाणवतो तो दगडाचा. तिथला काळा पाषाण लाव्हाचा, कठीण. इथला वालुकाश्म थराथरांनी साचलेला आणि कोरायला मऊ. त्याच्या पोटातून तांबड्या-पिवळ्या रेघा फिरतात आणि त्या मूर्तींच्या अंगावरूनही गेलेल्या दिसतात.

पहिले लेणे शिवाचे. दाराच्या उजव्या अंगाला अठरा हातांचा नृत्य करणारा शिव आहे. एकेका बाजूचे हात निरनिराळे जोडून पाहिले तर नृत्याच्या कितीतरी मुद्रा एकाच मूर्तीत सापडतात. आत हरिहर आणि अर्धनारीश्वर आहेत, छतावर वेटोळे घातलेला नागराज आहे. दुसरे लेणे विष्णूचे, आकाराने लहान. त्यात वराह आणि त्रिविक्रम पाहावेत. त्यापुढे पायऱ्या चढून तिसऱ्या लेण्यापाशी आले की घाई सोडावी.

तिसरे लेणे या चारांत सर्वांत मोठे आणि सर्वांत महत्त्वाचे. इथल्या लेखात नेमका काळ दिलेला आहे: शके 500, म्हणजे इ. स. 578, कार्तिकी पौर्णिमा. मंगलेशाने हे विष्णूचे देवालय आपला थोरला भाऊ कीर्तिवर्मा राज्यावर असताना पूर्ण करवले. भारतातली बहुतेक जुनी लेणी शैलीवरून अंदाजाने कालक्रमात बसवावी लागतात. त्यामुळे ज्या लेण्याची तिथी ठाऊक आहे, ते बाकीच्यांसाठी मोजपट्टी ठरते. व्हरांड्याच्या एका टोकाला शेषाच्या वेटोळ्यावर ऐसपैस बसलेला विष्णू आहे. झोपलेला शेषशायी सर्वांच्या ओळखीचा असतो. हा मात्र सभेत बसल्यासारखा बसला आहे. याच लेण्यात उभा नरसिंह आहे, हाताचा भार गदेवर टाकून शांत उभा. खांबांच्या वर, छताला टेकू देणाऱ्या जागी, झाडाखाली उभ्या असलेल्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत. त्यांच्या केशरचना, दागिने आणि उभे राहण्याच्या लकबी पाहण्यात अर्धा तास सहज जातो. छताजवळ रंगाचे फिकट ठसे उरले आहेत. ही लेणी एके काळी चितारलेली होती, याचा तो पुरावा.

चौथे लेणे जैन. ते आकाराने लहान आहे. पार्श्वनाथ, महावीर आणि वेलींनी वेढलेला बाहुबली इथे आहे. बाहुबलीच्या सर्वांत जुन्या मूर्तींत याची गणना होते. शिव, विष्णू आणि तीर्थंकर एकाच कड्यावर पन्नास-शंभर पावलांच्या अंतराने नांदतात. लेण्यांच्या पायऱ्यांवर माकडे फार आहेत. हातात खाण्याची पिशवी घेऊन चढू नये.

ऊन तापले की तळ्याच्या उत्तर काठावरच्या पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात जावे. इथली लज्जागौरी प्रसिद्ध आहे. कमळाचे मुख, मातेची देह-मुद्रा अशी ही सर्जनाची देवता दख्खनभर आढळते, पण इतकी पूर्ण आणि सुबक मूर्ती क्वचितच पाहायला मिळते. संग्रहालयाच्या मागूनच उत्तर टेकडीची वाट सुरू होते. कड्याला पडलेल्या उभ्या भेगांतून ती वर चढते. दोन्ही बाजूंना भिंतीसारखा खडक आणि वर आकाशाची पट्टी. माथ्यावर खालचे आणि वरचे शिवालय, जुन्या किल्ल्याचे बुरूज आणि धान्याची कोठारे आहेत. थोडे बाजूला, एका सुट्या खडकावर मालेगित्ती शिवालय आहे. सातव्या शतकातले हे देऊळ आटोपशीर, जवळजवळ शाबूत आणि प्रमाणबद्ध आहे. बांधीव देवळांची द्राविड शैली दख्खनेत कशी रुजत होती, ते इथे स्पष्ट दिसते.

राजधानीचा विध्वंसही याच तळ्याकाठी झाला. इ. स. 642 च्या सुमारास पल्लव राजा नरसिंहवर्म्याने वातापी जिंकली, ‘वातापिकोंड’ अशी पदवी घेतली आणि इथल्याच एका खडकावर आपला लेख कोरवला. दुसऱ्या पुलकेशीचा शेवट याच युद्धात झाला असे मानतात. सुमारे बारा वर्षांनी पुलकेशीचा मुलगा पहिला विक्रमादित्य याने राजधानी परत मिळवली. त्यानंतर साधारण 753 च्या सुमारास राष्ट्रकूटांनी चालुक्यांची सत्ता संपवली आणि वातापीचे राजधानीपण गेले. किल्ल्याचे महत्त्व मात्र पुढे हजार वर्षे टिकले. 1786 मध्ये पेशव्यांच्या आणि निजामाच्या फौजांनी तो टिपूकडून जिंकून घेतला. माथ्यावरच्या तोफांच्या जागा त्या नंतरच्या काळाच्या खुणा आहेत.

संध्याकाळ भूतनाथाच्या देवळासाठी राखून ठेवावी. तळ्याच्या पूर्व टोकाला, अगदी पाण्याला लागून हे देऊळ आहे. गाभारा बदामीच्या चालुक्यांच्या काळातला, तर पुढचा मोकळा मंडप कल्याणीच्या चालुक्यांनी काही शतकांनंतर जोडलेला. मावळतीची किरणे तळ्यावरून सरळ देवळावर येतात, मागचा कडा विस्तवासारखा पेटतो आणि पाण्यात त्याचे दुसरे रूप उमटते. देवळामागच्या खडकांत शेषशायी विष्णूची कोरीव मूर्ती आहे. बरेच लोक तिच्यापर्यंत जातच नाहीत. ईशान्य काठाला पायऱ्यापायऱ्यांच्या शिखरांची मल्लिकार्जुन देवळे आहेत. जवळच्या कड्यावर सुमारे सातव्या-आठव्या शतकातला कप्पे अरभट्टाचा लेख आहे. भल्याशी भला आणि वाइटाशी वाईट अशा एका वीराची त्यात स्तुती आहे, आणि ती त्रिपदी छंदात आहे. कन्नडमधल्या त्रिपदीचा हा सर्वांत जुना ज्ञात नमुना.

बदामी बागलकोट जिल्ह्यात आहे. सोलापूरहून विजयपूर-बागलकोट मार्गे गदग-हुबळीकडे जाणाऱ्या गाड्या बदामीला थांबतात. स्थानक गावापासून पाचेक किलोमीटरवर आहे आणि तिथून रिक्षा मिळतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. एप्रिल-मेमध्ये वालुकाश्म इतका तापतो की दुपारी टेकडीवर पाय ठेववत नाही. शनिवारी पहाटे पोहोचून रविवारी रात्री निघाले तरी सारे स्वस्थपणे होते, मात्र ऐहोळे पुढच्या खेपेला ठेवावे. तिथे शंभरावर देवळे आहेत. ती दोन तासांत उरकण्याची जागा नव्हे.

रविवारी सकाळी महाकूट गाठावे. डोंगराच्या कुशीत, झाडांच्या सावलीत देवळांचा समूह आहे आणि मधोमध झऱ्याच्या पाण्याची पुष्करिणी. पाणी जिवंत झऱ्याचे असल्याने स्वच्छ असते आणि आसपासच्या गावांतली मुले त्यात सूर मारतात. कुंडातल्या लहान मंडपात चतुर्मुख शिवलिंग आहे. बदामीहून डोंगरावरून जुनी पायवाटही इथे येते. चालण्याची सवय असणाऱ्यांनी ती वाट धरावी.

पुढे पट्टदकल. बदामीपासून साधारण 22 किलोमीटरवर, मलप्रभेच्या काठी. 1987 पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे. नागर आणि द्राविड अशी दोन्ही धाटणीची शिखरे एकाच आवारात शेजारी शेजारी उभी आहेत. सर्वांत मोठे विरूपाक्षाचे देऊळ राणी लोकमहादेवीने बांधवले. तिचा पती दुसरा विक्रमादित्य याने पल्लवांची कांची जिंकली, त्या विजयाचे हे स्मारक. वातापी जाळली गेल्याच्या आठवणीला शंभर वर्षे झाली होती, पण विक्रमादित्याने कांची लुटली नाही. तिथल्या कैलासनाथ देवळाची संपत्ती पाहून ती त्याने देवालाच परत दिली, असे त्याचा कन्नड लेख सांगतो, आणि तो लेख कांचीच्याच देवळात कोरलेला आहे. वेरूळच्या कैलास लेण्यामागे विरूपाक्षाच्या या देवळाचा आदर्श होता, असे अनेक अभ्यासक मानतात.

परतताना बनशंकरीला थांबावे. बदामीपासून पाच किलोमीटरवरच्या या देवळातली देवी दक्षिण महाराष्ट्रातल्या अनेक घरांचे कुलदैवत आहे. बन म्हणजे वन. वनातली शंकरी, तीच शाकंभरी. दुष्काळात आपल्या देहातून शाकभाजी उपजवून तिने लोकांना जगवले, अशी कथा आहे. म्हणूनच पौषातल्या शाकंभरी नवरात्रात तिला नाना भाज्यांचा नैवेद्य असतो. पौर्णिमेला रथोत्सव होतो आणि त्यानंतर कित्येक दिवस जत्रा भरते. नाटक कंपन्या तंबू ठोकतात, रात्रभर कन्नड नाटके चालतात. गर्दी नको असेल तर तो महिना टाळावा. जत्रा अनुभवायची असेल तर मुक्काम फार आधी ठरवावा. देवळासमोर दगडी ओवऱ्यांनी वेढलेले हरिद्रा तीर्थ आहे.

देवळाबाहेर झाडाखाली गावच्या बायका टोपल्या घेऊन बसतात. ज्वारीच्या कडक भाकऱ्या, वांग्याची भाजी, मोडाची उसळ, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी आणि मडक्यातले दही, असे जेवण त्या पानावर वाढतात. आसपासच्या दुकानांत देवीच्या ओटीसाठी खण मिळतात. ते बहुतेक गुळेदगुड्डचे. हे विणकरांचे गाव बदामीपासून जवळच आहे, आणि महाराष्ट्रातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ज्या खणाच्या चोळ्या शिवत आल्या, त्यातले कितीतरी याच गावच्या मागांवरून उतरलेले असत.