जादा चाके आणि टायर घरी कसे ठेवाल?

उसाचा हंगाम आटोपला की ट्रॉली गोठ्यामागे उभी राहते ती थेट दसरा-दिवाळीपर्यंत. जोडीला एखादे जादा चाक, टायरगाडीची जुनी जोडी, मोटारसायकलीचा काढलेला टायर असा पसारा असतोच. बियाण्याची पोती आपण फळीवर रचतो, खत कोरड्यात ठेवतो. टायर मात्र उन्हात टाकून देतो. चार महिन्यांनी पाहावे तर त्याच्या बगलेला बारीक चिरा. एक फेरा न मारता टायर म्हातारा झालेला असतो.

रबराचे वैरी म्हणजे ऊन, उष्णता आणि ओझोन वायू. हा वायू हवेत थोडा असतोच, पण वेल्डिंगपाशी किंवा ठिणग्या उडणाऱ्या मोटारीपाशी तो जास्त तयार होतो. तेव्हा अशा जागी टायर नकोत. डिझेल, ऑईल, ग्रीस यांनी रबर फुगून मऊ पडते. फवारणीची औषधेही लांब ठेवावीत. काळ्या ताडपत्रीत गुंडाळून अंगणात ठेवणे हा उपाय नव्हे, कारण आत उष्णता कोंडते. सावलीची, कोरडी, वाऱ्याची खोली हवी.

आधी टायर साध्या साबणाच्या पाण्याने धुवा, नक्षीत अडकलेले खडे काढा व सावलीत वाळवा. चाक रिमसह असेल तर हवा कमी करून लाकडी फळ्यांवर आडवे ठेवा. एकावर एक रचले तरी चालते. नुसता टायर असेल तर तो उभा ठेवा आणि महिन्याकाठी थोडा फिरवा, म्हणजे एकाच जागी चपटा होत नाही. नुसता टायर खुंटीला टांगू नका, तो ताणला जातो. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावून, घट्ट घडी न घालता, उंदरांपासून दूर ठेवा.

उभ्या ट्रॉलीला जॅक लावून आसाखाली भक्कम लाकडी ठोकळे द्या, म्हणजे टायरवर भार राहत नाही. ते जमत नसेल तर हवा पूर्ण भरलेली ठेवा आणि ट्रॉली महिन्यातून एकदा हातभर पुढे-मागे करा.

आता जिवाची गोष्ट. ट्रॅक्टरचे मागचे चाक भिंतीला नुसते टेकवून ठेवलेले मी गावोगाव पाहतो. दोन गड्यांना न आवरणारे ते वजन पोरे झोंबताना अंगावर आले तर काय होईल? चाक आडवे तरी ठेवा, नाहीतर साखळीने खांबाला बांधा. ज्या चाकाला लोखंडी कडी असते ते घरी खोलू नका. हवा असताना कडी उडाली तर माणूस जागीच जातो. हे काम जाणत्या कारागिराचेच.

पावसाळ्यात टायरच्या पोटात पाणी साचते आणि डेंग्यूचा डास, एडिस, तिथेच अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत नवे डास तयार. पाणी ओतून टाकले तरी अंडी आतल्या बाजूस चिकटून राहतात, कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात व पुन्हा पाणी लागताच फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून टायर आतून ब्रशने घासावा. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून आपण छपरावर टायर टाकतो. त्यांच्याकडे वर्षभर कोणी पाहत नाही, आणि घरात तापाची साथ का लागली हे कोडे पडते. तेथे वाळूची पोती ठेवा. टायरच हवा असेल तर खालच्या बाजूस मोठी भोके पाडा.

अगदी निकामी टायर शेकोटीत किंवा गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळू नका. तो धूर विषारी असतो. गोळा करणाऱ्या भंगारवाल्याकडे तो द्यावा.

टायर किती जुना आहे हे त्याच्या बगलेवरच छापलेले असते. शेवटचे चार आकडे पाहा: २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नवा टायर घेताना दुकानदारासमोर हा आकडा वाचा. दोन-तीन वर्षे दुकानाबाहेर उन्हात पडलेला माल नव्याच्या भावाने घेण्याचे कारण नाही.