देवाचा हात, हिशेबाची वही

सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याला दामाजीपंतांचे मंदिर आहे. संतांची मंदिरे महाराष्ट्रात गावोगावी आहेत. सरकारी अंमलदाराचे मंदिर मात्र विरळा. दामाजीपंत बिदरच्या बहामनी दरबाराचे मंगळवेढ्यातले अधिकारी होते. महिपतींनी 1762 साली 'भक्तविजय' ग्रंथात सांगितलेली त्यांची कथा मराठी घरांतून आजही सांगितली जाते. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली. दामाजीपंतांनी सरकारी कोठारे उघडली आणि धान्य वाटले. बिदरहून त्यांना पकडून नेण्याचा हुकूम सुटला. ते वाटेवर असतानाच विठू महार नावाचा एक माणूस दरबारात पोचला. त्याने धान्याची पूर्ण किंमत मोजून दिली, पावती घेतली आणि तो निघून गेला. तो विठू म्हणजे साक्षात विठ्ठल आणि ती पावती पुढे दामाजीपंतांना आपल्या पोथीत सापडली, अशी श्रद्धा आहे.

या कथेत माझे मन नेहमी त्या पावतीपाशी थांबते. विठ्ठलाने बादशहाचे मन पालटून भक्ताला सोडवले असते, तरी कथा पूर्ण झाली असती. पण आपल्या पूर्वजांना तेवढे पुरले नाही. सरकारी येणे चुकते झाले पाहिजे, त्याची नोंद झाली पाहिजे आणि पावती जागेवर मिळाली पाहिजे, असे त्यांना वाटले. भुकेल्याला धान्य मिळावे आणि खजिन्याचा हिशेबही चुकू नये, या दोन्ही गोष्टी त्यांनी देवाच्याच कामात धरल्या.

लोकांच्या कामात ईश्वराचा हात पाहण्याची महाराष्ट्रातली परंपरा दीर्घ आहे. तिचा आढावा घेताना एक कसोटी मला पुन्हापुन्हा आढळली. ज्याला आपल्या कामामागे देवाचा हात जाणवला आणि त्यामुळे ज्याचा हिशेब अधिक कडक झाला, त्याची श्रद्धा लोकांच्या उपयोगी पडली. ज्याने देवाचे नाव घेऊन हिशेब सैल केला, त्याने देव आणि लोक दोघांनाही फसवले.

किल्ला, कूस आणि कचेरी

याच मंगळवेढ्यात, दामाजीपंतांच्या आधी सुमारे शतकभर, संत चोखामेळा गावकुसाच्या बांधकामावर राबत होते. कूस कोसळले आणि बरोबरच्या मजुरांसह ते गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. कूस सगळ्या गावाच्या रक्षणासाठी बांधले जात होते आणि ते बांधणाऱ्याला मात्र अस्पृश्य म्हणून मंदिराच्या दारातूनच परतावे लागत होते. लोकसेवा म्हटली की कोठाराची किल्ली हाती असलेला अधिकारी डोळ्यांपुढे येतो. मंगळवेढ्याची माती सांगते की दगड वाहणारा मजूर हा पहिला लोकसेवक, आणि त्याच्या हिशेबाची वही तर कोणी उघडलीच नव्हती.

देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी हे या परंपरेतले दुसरे मोठे नाव. कारभारी आणि गुरू या दोन्ही भूमिका त्यांनी एकाच देहात सांभाळल्या. एकनाथ त्यांच्याकडे शिष्य म्हणून राहिले आणि त्यांच्या वाट्याला आले हिशेबाचे काम. एका पैची चूक शोधण्यासाठी नाथ रात्रभर जागले आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजवून उठले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. एका पैसाठी एवढी एकाग्रता, मग तीच ईश्वराकडे वळव, असे गुरूंनी सांगितल्याचे कीर्तनकार रंगवतात. पण हिशेब शिकवणारे आणि अध्यात्म शिकवणारे गुरू इथे एकच आहेत. ज्याला पै सापडत नाही त्याला परमेश्वर सापडेल, असे जनार्दनस्वामींना वाटले नसावे.

महेश्वरची गादी

अहिल्याबाई होळकरांनी 1767 ते 1795 अशी अठ्ठावीस वर्षे महेश्वरहून राज्य चालवले. आज्ञापत्रांवर त्या स्वतःच्या नावाऐवजी 'श्रीशंकर' असे लिहीत. राज्य शंकराचे, आपण त्याच्या वतीने कारभार पाहणाऱ्या, हा त्यामागचा भाव. असा भाव राज्यकर्त्याला मोठा आधार देतो, तसाच मोठा धोकाही पुढ्यात ठेवतो. आपण देवाच्या वतीने बोलतो असे एकदा मानले, की आपल्याला प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही.

अहिल्याबाईंना या धोक्यातून वाचवले ते त्यांच्या वह्यांनी. होळकरांच्या कारभारात दौलतीचा खजिना आणि खासगी उत्पन्न यांची खाती वेगळी होती. काशी, गया, सोमनाथ आणि इतर तीर्थक्षेत्री त्यांनी बांधलेली देवळे, घाट, विहिरी आणि धर्मशाळा यांचा खर्च मुख्यत्वे खासगीतून झाला. दानधर्म स्वतःच्या पैशातून आणि राज्यकारभार रयतेच्या पैशातून, ही रेघ त्यांनी पुसू दिली नाही. ज्या बाईने राज्य शंकराला वाहिले होते, तिला ती पुसणे सहज शक्य होते. म्हणूनच तिची श्रद्धा मला खरी वाटते.

न्यायमूर्ती आणि दुष्काळ

एकोणिसाव्या शतकात या विचाराला आधुनिक रूप मिळाले. जोतीराव फुल्यांनी विश्वाच्या निर्मात्याला 'निर्मिक' म्हटले, 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापला आणि निर्मिकाची लेकरे सारखीच, हे तत्त्व घरापासून अमलात आणले. आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी 1868 सालीच अस्पृश्यांसाठी खुला केला होता. पुढे पुणे नगरपालिकेचे सभासद म्हणूनही ते काही वर्षे वावरले. सावित्रीबाई 1897 च्या प्लेगमध्ये रोग्यांची शुश्रूषा करता करता 10 मार्चला गेल्या. अशा मृत्यूवर भाष्य करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याइतका ईश्वरी योजनेवर विश्वास ठेवणारा सरकारी नोकर महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल. प्रार्थना समाज 1867 साली मुंबईत स्थापन झाला आणि रानडे त्याचे आधारस्तंभ बनले. पहाटे तुकोबांचे अभंग म्हणताना त्यांची तंद्री कशी लागे, हे रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत हृद्य शब्दांत नोंदवले आहे. तोच माणूस दिवसा न्यायासनावर बसे, शेतकरी कर्जनिवारण कायद्याखाली कनिष्ठ न्यायालयांची तपासणी करत गावोगाव फिरे आणि उरलेल्या वेळात सार्वजनिक सभेच्या कामाला जुंपून घेई.

पुण्याची सार्वजनिक सभा 1870 मध्ये सुरू झाली. 1876–77 चा भीषण दुष्काळ आला, तेव्हा सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळवली. पाऊस किती, पेरा किती, भाव काय आणि किती लोक गाव सोडून गेले, यांची वृत्ते सरकारला धाडली. दुष्काळी कामांवरच्या मजुरीत सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने कपात झाली तेव्हा मजूर कामे सोडून निघाले आणि सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. प्रार्थना मंदिरात डोळे मिटून बसणारे रानडे या आकड्यांच्या मागेही होते. दुष्काळ ही देवाची करणी म्हणून ते गप्प बसले नाहीत. ईश्वराच्या न्यायावर त्यांचा विश्वास होता, म्हणूनच माणसाने केलेला अन्याय त्यांना मोजून दाखवावासा वाटला.

त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी 12 जून 1905 रोजी भारत सेवक समाज स्थापला, तो सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान द्यावे या हेतूने. सभासदांनी जुजबी वेतनावर आयुष्यभर देशाचे काम करायचे, स्वतःसाठी धन मिळवायचे नाही, अशा शपथा घ्यायच्या. या समाजातून गोपाळ कृष्ण देवधरांसारखे कार्यकर्ते निघाले. मुंबई नगरपालिकेतली इंजिनिअरची नोकरी सोडून आलेले ठक्कर बाप्पाही इथलेच.

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. इंग्रजी राज्य ही ईश्वरी योजना आहे, असेही रानडे-गोखले मानत. इतिहासाने तो निर्वाळा खोडून काढला. राज्यकर्त्याच्या सिंहासनामागे देवाचा हात शोधताना ही थोर माणसे चुकली. दुष्काळी कामावरच्या मजुराच्या बाजूने उभे राहताना चुकली नाहीत. सत्तेमागे दिसणाऱ्या देवापेक्षा भुकेल्यामागे दिसणारा देव अधिक भरवशाचा आहे, हा धडा आपण त्यांच्यापासून घ्यावा.

प्रार्थना समाजाचेच प्रचारक विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला धर्माचा तौलनिक अभ्यास करून परतले आणि 18 ऑक्टोबर 1906 रोजी त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशनचे काम सुरू केले. ईश्वरभक्ती आणि अस्पृश्यतानिवारण त्यांनी कधी वेगळे मानले नाही. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळग्रस्त मुलींना आसरा दिला तोही येशूच्या प्रेरणेने. वाटा वेगळ्या होत्या, पण दार उघडले गेले ते एकाच प्रकारच्या माणसांसाठी.

खराटा आणि एकर

डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा, यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. ज्या गावात जात, तिथे आधी खराटा घेऊन रस्ते झाडत आणि रात्री कीर्तन करत. दिवसा हाताने सांगितलेले रात्री तोंडाने सांगत, म्हणून ते लोकांना पटे. पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत इस्पितळात आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांची सोय हा त्यातला मोठा भाग. यातून बाबांनी स्वतःसाठी काही घेतले नाही, आपल्या नातलगांनाही घेऊ दिले नाही. धर्मशाळा बांधणारा माणूस झोपडीत राहिला आणि मागून आणलेली भाकरी खात राहिला. लाखोंचा व्यवहार करणाऱ्या या निरक्षर माणसाचा हिशेब कोणाला डागाळता आला नाही.

पंढरपूरला त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. मंगळवेढ्याच्या कुसाखाली गाडल्या गेलेल्या मजुराचा हिशेब निदान एका ओळीने तरी पुरा झाला.

विनोबा भावे 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत होते. गावातल्या दलित कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी गावालाच विचारले आणि रामचंद्र रेड्डी यांनी उभे राहून शंभर एकर दिली. या घटनेत विनोबांना ईश्वराचा संकेत दिसला आणि भूदानाची पदयात्रा सुरू झाली. जमीनवाल्याने आपल्याला घरातला आणखी एक मुलगा मानावे आणि सहावा हिस्सा द्यावा, असे ते सांगत. ईश्वराखालोखाल आपला विश्वास गणितावर आहे, असेही ते म्हणत. त्यांच्याच गणिताने पाहिले तर लक्ष्य पाच कोटी एकरांचे होते, मिळाली चाळीस लाखांहून थोडी अधिक आणि त्यातली बरीच वाटपाविना राहिली. दान देणारा हात पुढे आला, पण सात-बारावर नाव चढवणारा हात मागे राहिला. प्रेरणा मोठी असली तरी तलाठ्याच्या दप्तरात पोचल्याशिवाय ती भूमिहीनाच्या शेतात पोचत नाही.

देवाशिवाय

देवाचा आधार न घेता लोकांसाठी देह झिजवणारेही याच भूमीत झाले. गोपाळ गणेश आगरकर ईश्वर मानत नव्हते आणि उणेपुरे एकोणचाळीस वर्षांचे आयुष्य त्यांनी समाजाला दिले. अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठ उभे केले, ते परलोकाच्या आशेने नव्हे.

महाडची गोष्ट तर डोळ्यांत अंजन घालणारी आहे. रावबहादूर बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव 1923 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. पाठोपाठ महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. वहीत नोंद झाली, पाण्याला मात्र कोणाला हात लावू दिला गेला नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी ते पाणी प्राशन केले, तेव्हा विरोधकांनी धर्म आणि देऊळ यांच्याच नावाने दंगल केली. देवाचे नाव लोकसेवेचे दार बंद करायलाही वापरता येते. श्रद्धावंतांनी आगरकर-आंबेडकरांचा हा जाब मनापासून ऐकला पाहिजे, कारण त्यांच्या प्रश्नांनीच खऱ्या श्रद्धेची छाननी होते.

हजेरीपट

दामाजीपंतांच्या कोठाराचा आधुनिक अवतार कोणता, असे मला विचारले तर मी रोजगार हमी योजनेचे नाव घेईन. विधान परिषदेचे सभापती आणि संतसाहित्याचे व्यासंगी वि. स. पागे यांनी तिचा पहिला प्रयोग 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापुरात केला. 1972 च्या दुष्काळाने तिची निकड सगळ्या महाराष्ट्राला पटली, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि काम देता आले नाही तर भत्ता. दामाजीपंतांनी जीव धोक्यात घालून जे दिले, ते इथे हक्क म्हणून मिळू लागले. या योजनेचा प्राण हजेरीपटात आहे. त्यावर खोटी नावे चढली की भुकेल्याचा घास जातो. खरी चढली की चूल पेटते. हजेरीपट खरा लिहिणारा कारकून त्या क्षणी मला दामाजीपंतांचा वारस वाटतो, मग तो देव मानो वा न मानो.

आज महाराष्ट्रात 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखला ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. कायदा धाक घालू शकतो, पण रात्री अडीच वाजता वॉर्डातल्या नर्सला शेवटच्या खाटेपर्यंत चालत नेणारी गोष्ट कायद्याच्या कलमात लिहिलेली नसते. एसटीचा चालक घाटात गाडी बाजूला घेऊन आजारी प्रवाशाला पाणी देतो, आषाढीच्या दुसऱ्या दिवशी सफाई कामगार पंढरपूर पुन्हा उभे करतो, शिक्षिका पाड्यावरच्या गळालेल्या मुलाला घरी जाऊन परत आणते. तिथे मला ईश्वराचा हात दिसतो. त्या हातात हातमोजे नसतील, त्याचा पगार थकला असेल, त्याला गटारात उतरवले जात असेल, तर तो हिशेब आपल्याकडे बाकी आहे.

दिवाळीत आपण वहीपूजन करतो, पहिल्या पानावर श्री लिहितो. ज्यांच्या हाती लोकांची वही आहे, मग ती शिधावाटपाची असो, हजेरीची, रुग्णनोंदीची की ग्रामपंचायतीच्या जमाखर्चाची, त्यांना एवढीच विनंती आहे: श्री लिहिल्यावर पुढची प्रत्येक ओळ खरी लिहा. आणि आपण नागरिकांनी ती वही उघडून वाचण्याचा हक्क कधी सोडू नये.