थायरॉईडची गोळी आणि गव्हाची पोळी

कामगार चळवळीतल्या माणसाने रोगासारख्या विषयावर का बोलावे, असा प्रश्न कोणी विचारील, तर तो गैर म्हणता येणार नाही. आम्ही डॉक्टर नाही. जे थोडे शिकलो ते पुस्तके वाचून आणि जाणत्यांना विचारून. परंतु आमच्या बीड जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांतले एक आजारी पडले की कोयता बंद, आणि कोयता बंद पडला की खाडा. त्या दिवसाची मजुरी बुडते ती बुडतेच, वर दंडही अंगावर येतो. अशा ठिकाणी थकवा हा नुसता प्रकृतीचा प्रश्न राहत नाही, तो भाकरीचा प्रश्न होतो. म्हणून औषध घेऊनही जो थकवा जात नाही, त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

गळ्याच्या पुढच्या बाजूस फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. जुन्या पुस्तकांतून तिला अवटू ग्रंथी म्हणत. आज सर्वांच्या तोंडी थायरॉईड हाच शब्द आहे. तिच्यातून थायरॉक्सिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते व शरीराच्या कामाची गती ठरविते. ते कमी पडले की माणूस मंदावतो. अंग जड होते, थंडी सोसत नाही, केस गळतात, शौचास साफ होत नाही, स्त्रियांची पाळी बिघडते, कधी रक्तस्राव फार होतो. पुष्कळांच्या बाबतीत कारण असे असते की, शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच या ग्रंथीवर उलटतात. जपानच्या हाकारू हाशिमोटो या डॉक्टरने १९१२ साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याचे नाव त्याला मिळाले.

यावर उपाय साधा व स्वस्त आहे. जे द्रव्य शरीरात कमी पडते, त्याचीच गोळी रोज घ्यावयाची. बहुतेकांना तिने गुण येतो. पण काहींना येत नाही. डॉक्टर मात्रा वाढवितात, तरी रक्तातील टीएसएचचा आकडा खाली येत नाही आणि थकवा हटत नाही. मग घरचे म्हणतात, बाई आळशी आहे. किंवा म्हणतात, गोळी घेतच नसेल.

आमच्या माणसांना समजेल असे उदाहरण घेऊ. कारखान्याने मजुरीची रक्कम काढली, पण ती टोळीपर्यंत पोचलीच नाही, तर मजुराने रक्कम वाढवून मागावी की मध्ये ती कोठे अडकली ते शोधावे? गोळीचेही तसेच आहे. ती गिळली म्हणजे रक्तात पोचली असे नव्हे. लहान आतड्याने ती शोषून घ्यावी लागते. चहा, दूध वा जेवण यांबरोबर घेतली तर ती कमी शोषली जाते. रक्तवाढीची लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर घेतली तरी तेच. म्हणून ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, नंतर अर्धा ते एक तास काही घेऊ नये, आणि लोह व कॅल्शियम चार तासांच्या अंतराने घ्यावे. पहाटे फडावर जाणाऱ्या बाईला हे जमत नसेल, तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

एवढे सांभाळूनही गुण नाही, तर आतड्याकडे पाहावे लागते. येथे सीलिअ‍ॅक या रोगाचा संबंध येतो. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणकेला चिकटपणा येतो तो त्यामुळे. काही माणसांत या ग्लूटेनमुळे शरीराची रक्षकशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. अन्न शोषणारे बारीक अंकुर झिजतात. मग जेवण होते, पण अंगी लागत नाही. लोह मिळत नाही, आणि थायरॉईडची गोळीही पुरती पोचत नाही. पोट बिघडेलच असे नाही. कित्येकदा न हटणारा पांडुरोग हीच एक खूण असते.

या रोगाचे मूळ गव्हात आहे, ही गोष्ट पक्की होण्यास दुष्काळाचा आधार मिळाला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्नाची भयंकर टंचाई झाली, पाव मिळेना. त्या काळात या रोगाची मुले सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा खालावली. विलेम डिके हे मुलांचे डॉक्टर आधीपासूनच गव्हावर संशय घेऊन होते. त्यांनी १९५० साली आपला प्रबंध सादर केला.

थायरॉईड व सीलिअ‍ॅक हे दोन विकार एकाच माणसात आढळण्याचा संभव अधिक, कारण दोहोंतही रक्षकच भक्षक होतो. आपल्या देशात उत्तरेकडे हा रोग अधिक व दक्षिणेकडे पुष्कळ कमी आढळला आहे. तेव्हा प्रत्येक थकलेल्या माणसाने गव्हावर खापर फोडू नये. टीटीजी नावाची रक्ततपासणी करावी. गरज पडल्यास दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासतात. मात्र एक गोष्ट ध्यानात धरा. तपासणीपूर्वी गहू सोडू नये. सोडला, तर रोग असूनही तपासणीत दिसेनासा होतो.

रोग ठरला, तर गहू जन्मभर सोडावा लागतो. शहरातल्या माणसाला ही शिक्षा वाटते. आमच्या जिल्ह्याला का वाटावी? ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, भगर यांत हे ग्लूटेन नाही. आमच्या आजी-आजोबांच्या घरी पोळी सणावारी होत असे, रोजची भाकरीच. पुढे रेशनवर गहू आला, पोळी प्रतिष्ठेची झाली आणि भाकरी गरिबीची खूण ठरली. तरी सावधपणा हवा. गव्हामागून त्याच गिरणीवर दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ मिसळते. रवा, मैदा, शेवया, कुरडया, गव्हाचे पीठ घातलेले धपाटे हे सारे वर्ज्य. खपली हाही गहूच. बाजारच्या खड्या-पुडीच्या हिंगातसुद्धा पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. नुसत्या बाजरीवरही राहू नये, कारण तिच्यातील काही द्रव्ये थायरॉईडच्या कामात अडथळा आणू शकतात. ज्वारी अधिक ठेवावी आणि मीठ आयोडीनयुक्त वापरावे.

गहू सोडला म्हणजे थायरॉईडची गोळी सुटली, असा मात्र समज करून घेऊ नये. आतडे भरून येण्यास महिने, कधी वर्षेही लागतात. ते सुधारले की तीच मात्रा जास्त होऊ शकते; छाती धडधडते, झोप उडते. म्हणून या काळात रक्ततपासणी पुन्हापुन्हा करावी व मात्रा डॉक्टरांनीच बदलावी. इतके करूनही थकवा उरला, तर लोह, ब-१२ व ड जीवनसत्त्व तपासावे.

२०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत आमच्या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्या प्रत्येकीचे कारण थायरॉईड होते असे कोणी म्हणणार नाही. पण पाळीचा त्रास आणि थकवा घेऊन आलेल्या बाईला चाकूपूर्वी एक रक्ततपासणी मिळावी, एवढी मागणी करण्याचा हक्क आपल्याला आहे. टोळी निघण्यापूर्वी गावातच तपासणी व्हावी, गोळ्यांचा सहा महिन्यांचा साठा बरोबर मिळावा, आणि आजाराच्या दिवशी खाडा लागू नये. या तीन गोष्टींसाठी मोठ्या विद्वत्तेची गरज नाही, संघटनेची आहे.