भाग २३ : पेट स्कॅनमध्ये चमकलं, म्हणजे कॅन्सरच?

एरवी आपण इथं मोबाइल, ॲप, नोकरी यावर गप्पा मारतो, आज बायोप्सीवर बोलायचंय. मी डॉक्टर नाही, बी.टेक. करून भिवंडीत घरी बसून कोड लिहिणारा माणूस आहे. पण आमच्या घरात बाबांना आधी कॅन्सर 'झाला' आणि मग तो 'नव्हताच' असं कळलं. त्या काळात जे समजून घ्यावं लागलं ते सांगतो. ऐकवत नसेल तर आत्ता पॉज करा, पण सेव्ह करून ठेवा.

बाबा कामतघरच्या एका लूम कारखान्यात मेहता होते, म्हणजे हिशेब-हजेरी बघणारे. मानेत गाठ आली, संध्याकाळी कणकण, वजन उतरायला लागलं. सुईनं पेशी काढून तपासल्या, त्याला एफएनएसी म्हणतात. रिपोर्टमध्ये आलं, 'लिम्फोमाची शंका'. मग पेट स्कॅन झाला. त्यात मान, छाती, पोट सगळीकडे गाठी चमकल्या. एका खासगी हॉस्पिटलात सांगितलं, चौथी स्टेज, सोमवारपासून केमो. रविवारपर्यंत आत्या गावाहून आली होती आणि ताईचं लग्न लवकर उरकायचं का, यावर स्वयंपाकघरात हळू आवाजात चर्चा चालू होती.

आता पेट स्कॅन करतो काय ते बघा. शिरेतून किंचित किरणोत्सारी साखर सोडतात. जिथल्या पेशी ती जास्त खातात, ती जागा चमकते. कॅन्सरच्या पेशी साखरेवर तुटून पडतात हे खरं. पण टीबीच्या जंतूंशी लढणाऱ्या आपल्या स्वतःच्या पेशीही तेच करतात. म्हणजे पेट सांगतो 'कुठे', पण 'काय' ते ठामपणे सांगू शकत नाही. ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, गाठी हे सगळं लिम्फोमातही असतं आणि टीबीतही. आमच्या भिवंडीत, जिथं एका खोलीत सहा-सहा कामगार पाळीपाळीनं झोपतात, तिथं टीबी काही दुर्मीळ पाहुणा नाही.

'काय' याचं उत्तर मायक्रोस्कोपखाली मिळतं. ते देणारा पॅथॉलॉजिस्ट आपल्याला कधी दिसतच नाही, फक्त त्याची सही दिसते. एफएनएसीत सुट्या पेशी मिळतात. माझ्या भाषेत सांगायचं तर कोडमधल्या इकडच्या तिकडच्या चार ओळी. लिम्फोमा ओळखायला गाठीची आतली रचना बघावी लागते, म्हणून शक्य असेल तिथं अख्खी गाठ काढून तपासतात. त्या गाठीचे तुकडे मेणात बसवतात, तो ब्लॉक. त्याचे पातळ काप काचेवर घेतात, त्या स्लाइड. रिपोर्ट म्हणजे त्या काचा वाचून एका माणसानं दिलेलं मत. काचा आणि ब्लॉक लॅबमध्ये जपून ठेवलेले असतात आणि दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवायला मागता येतात. ही एक गोष्ट लक्षात ठेवा. आपण सेकंड ओपिनियनला जाताना रिपोर्टची झेरॉक्स घेऊन जातो आणि दुसरे डॉक्टर तोच कागद पुन्हा वाचतात. काचा न्या.

आम्हाला हे धामणकर नाक्यावरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी काचा रुमालात गुंडाळून रिक्षानं कल्याणला आणि तिथून लोकलनं परळला टाटा मेमोरियलला गेलो. बाहेरच्या स्लाइड तिथं पुन्हा तपासून देतात. मत आलं : एवढ्यावरून सांगता येत नाही, पूर्ण गाठ काढा. काढली. त्यात ग्रॅन्युलोमा दिसले, म्हणजे पेशींचे घोळके. तेही फक्त टीबीतच दिसतात असं नाही, म्हणून सीबीनॅट केली. ती टीबीच्या जंतूचा डीएनए शोधते. पॉझिटिव्ह.

असं फक्त आमच्याकडेच झालं असं समजू नका. २०१९ मध्ये केरळात कोट्टायमच्या सरकारी मेडिकल कॉलेजात एका बाईंना खासगी लॅबच्या रिपोर्टवरून केमो दिला गेला आणि नंतरच्या तपासण्यांत कॅन्सर निघालाच नाही.

पण थांबा, याचा अर्थ 'गोड बातमी मिळेपर्यंत डॉक्टर बदलत राहा' असा नाही. अतुल परचुरे आठवतात ना? त्यांनी २०२३ मध्ये मुलाखतीत सांगितलं होतं की लिव्हरमध्ये साधारण ५ सेंटीमीटरची गाठ निघाली, कॅन्सरचं निदान झालं, पण सुरुवातीचे उपचार चुकले, स्वादुपिंडावर परिणाम झाला, चालता येईना, बोलताना अडखळायला व्हायचं. मग त्यांनी डॉक्टर बदलले आणि केमो घेतला. म्हणजे निदान बरोबर असलं तरी दुसरं मत लागू शकतं. त्यानंतर ते पुन्हा कामाला लागले होते. १४ ऑक्टोबर २०२४ ला ते गेले. कॅन्सर खरा असेल तर शंका काढण्यात घालवलेले महिने परत मिळत नाहीत. म्हणून पहिल्या डॉक्टरांनाच सरळ विचारा, 'किती दिवस थांबलं तर चालेल?' आणि तेवढ्या दिवसांत उत्तर मिळवा.

आता मुख्य भाग, ज्यावर कोणी बोलत नाही. चांगली बातमी आली आणि घरात कोणालाच ती पटेना. आई म्हणाली, "तेव्हाही डॉक्टरच होते, आताही डॉक्टरच आहेत. कोणाचं खरं धरू?" टीबीची गोळ्यांची शिस्त सहा महिन्यांची, विश्वास नसेल तर त्या गिळणार कशा? त्यात दुसऱ्या महिन्यात बाबांची गाठ वाढली. आई देवापुढे जाऊन बसली. डॉक्टरांनी समजावलं की गाठीच्या टीबीत औषध लागू पडत असतानाही कधी कधी गाठ तात्पुरती फुगते, कारण मेलेल्या जंतूंवर शरीर जोरात प्रतिक्रिया देतं. तरी तपासून घेतलंच. हे आधी कोणी सांगितलं असतं तर आईच्या दोन रात्री वाचल्या असत्या. म्हणून मी तुम्हाला सांगतोय. लघवी केशरी होते, तेही औषधानं.

आणि बाबा? कॅन्सर म्हटल्यावर माणसं फळं घेऊन यायची, टीबी म्हटल्यावर चहालाही थांबेनात. बाबा म्हणाले, "आधीचाच आजार बरा होता, इज्जतीचा." फुफ्फुसात टीबी नसेल तर नुसत्या गाठीचा टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही, हे मी फॅमिली ग्रुपवर तीनदा टाकलं. काकांनी तिन्ही वेळा अंगठा दाखवला आणि दिवाळीनंतर आले.

तक्रारीचं बरेच जण विचारतात. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार लेखी मागितल्यावर ७२ तासांत रुग्णाचे कागद द्यावे लागतात, ते आधी घ्या. ग्राहक आयोगात साधारण दोन वर्षांच्या आत जाता येतं. मात्र निदान चुकलं म्हणजे आपोआप निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, योग्य ती काळजी घेतली नाही हे दाखवावं लागतं. आम्ही फाइल तयार केली होती. बाबांनी ती कपाटात ठेवली आणि विचारलं, कारखान्यात कधीपासून जाऊ?